छिद्रे दिसली म्हणजे लाव्हा नव्हे: गोव्यात अग्निजन्य खडक ओळखायला शिकताना

फोंडा तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी भूगोल शिकवते. खडकांचा धडा कितीतरी वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवला. वर ज्वालामुखी, बाजूला नदी, खाली समुद्र आणि सगळ्यांना जोडणारे बाण. एका वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी घरून दगड आणले. त्यातला एक लालसर, छिद्राछिद्रांचा दगड मी टेबलाच्या मधोमध ठेवला आणि पुढे चिठ्ठी लावली, ‘छिद्रयुक्त लाव्हा, गोवा’. दुपारी भूशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले. चिठ्ठी वाचून त्यांनी पिशवीतली बाटली काढली आणि दगडावर घोटभर पाणी ओतले. टेबलावर थेंब आला नाही, सगळे दगडाने पिऊन टाकले. “बाई, हा तुमच्या घरच्या भिंतीतला चिरा,” ते म्हणाले. “लाव्हा इतकं पाणी पीत नाही.”

ती चिठ्ठी मी त्याच क्षणी काढली आणि पुढची दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी दगड पाहत हिंडले. पुस्तकातले फोटो बहुतेक हवाई बेटांचे नाहीतर आइसलंडचे असतात. आपल्या अंगणात काय आहे ते त्यात सापडत नाही आणि नवखा माणूस गोंधळतो. विद्यार्थी, शिक्षक, स्पर्धा परीक्षेला बसणारे किंवा हौसेने शिकणारे, यांपैकी तुम्ही कोणीही असा, मी जिथे अडखळले तिथे तुम्ही अडखळू नये म्हणून मला जमलेला क्रम इथे मांडते आहे. खडकांचे चक्र मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. पुस्तकात ते पहिल्या पानावर येते, पण हातात चार दगड घेतल्याखेरीज त्यातला एकही बाण कळत नाही.

आधी जमवायच्या गोष्टी

- दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग. एवढी एकच वस्तू पैसे देऊन घ्या, बाकीचे घरातले चालते.
- पोलादी चाकू किंवा जाड खिळा, ओरखडा काढून दगड किती कडक ते पाहायला.
- फुटक्या टाइलचा तुकडा. मागची, चकाकी नसलेली बाजू रेघ ओढायला लागते.
- दोऱ्याला बांधलेले लहान चुंबक.
- स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक वाडगा, दोरा.
- वही, पेन्सिल आणि प्रमाण दाखवण्यासाठी एक नाणे.
- हातोडा घ्यायचाच असेल तर भूशास्त्राच्या कामाचा घ्या, आणि डोळ्यांवर चष्मा. सुताराच्या हातोडीने दगड फोडू नका, तिचाच कपचा उडतो.

कागदपत्रांत ओळखपत्र जवळ हवेच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर खाते उघडून गोव्याचा भूशास्त्रीय नकाशा आधी पाहून ठेवा. कुठे काय दिसणार हे माहीत असले की निम्मी पायपीट वाचते. किनाऱ्यावर जाणार असाल तर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घ्या. खाणीत किंवा कुणाच्या जमिनीत जायचे तर मालकाची लेखी परवानगी घ्या.

म्हादई, बोंडला, मोले, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीनेच जा आणि तिथून खडासुद्धा उचलू नका. मंदिरे, चर्च, किल्ले आणि कुशावतीकाठची उसगाळीमळची कातळशिल्पे यांच्यावर ओरखड्याची परीक्षा कधीही करायची नाही. तिथे नुसते डोळे वापरा.

१. घरच्या चिऱ्यापासून सुरुवात करा

गोव्यातला नवखा माणूस पहिली चूक चिरे ज्याचे पाडतात त्या जांभ्यावर करतो, म्हणून पहिला आठवडा जांभ्यालाच द्या. चिऱ्याचा फुटका तुकडा मिळायला अडचण नाही, कुठल्याही बांधकामाशेजारी पडलेला असतो.

जांभा अग्निजन्य नाही, म्हणजे तो वितळलेल्या रसातून गोठलेला नाही. कुठलाही लोहयुक्त खडक उष्ण, ओल्या हवेत लाखो वर्षे कुजत राहिला की पाऊस त्यातली सिलिका (गारगोटी जिची बनते ते द्रव्य), चुना, सोडा विरघळवून नेतो. मागे उरते लोखंड आणि ॲल्युमिनियम. ते गंजून घट्ट होते, तो जांभा. ताजा खणला तेव्हा मऊ असतो, चिरे पाडता येतात. उघड्यावर वाळला की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली केरळातल्या अंगाडीपुरमच्या दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले ते विटेच्या लॅटिन शब्दावरून. त्याचाही डोळा या दगडाच्या बांधकामातल्या उपयोगावरच गेला होता.

आता भिंग लावून छिद्रे पाहा. जांभ्यातली छिद्रे वेडीवाकडी असतात, एकमेकांत शिरलेली, नळ्यांसारखी. आत पिवळी किंवा पांढरट माती भरलेली असते. काडीने खरवडली तर ती माती निघते. टाइलवर घासला की लाल किंवा तांबूस पिवळी रेघ उठते.

लाव्हाची छिद्रे वायूच्या बुडबुड्यांची असतात. म्हणून ती सुटी सुटी, गोल किंवा लांबट अंडाकृती असतात, आतून गुळगुळीत असतात आणि बहुधा थराच्या वरच्या भागात दाटलेली दिसतात. लाव्हा वाहत असताना बुडबुडा ताणला गेला तर सगळी छिद्रे एकाच दिशेला लांबतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकात, पुष्कळदा या छिद्रांत नंतर पांढरे झिओलाइट किंवा गारगोटीचे स्फटिक भरलेले आढळतात.

दोन्ही दगड एकाच ठिकाणी पाहायचे तर जुने गोवे येथे जा. बॉम जीझस बॅसिलिकेची उघडी लाल भिंत जांभ्याची आहे. तिच्या दर्शनी भागातली कोरीव काळसर कामे बेसाल्टची आहेत आणि तो बेसाल्ट वसईच्या बाजूने आणल्याचे सांगतात. ही वास्तू १६०५ साली पूर्ण झाली. जांभ्यावरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला काढला, तेव्हापासूनचा पाऊस दोघांनीही उघड्यावर खाल्ला. जांभ्याच्या कडा झिजून गोलसर झाल्या आहेत, बेसाल्टमधले नक्षीकाम अजून धारदार आहे. दहा पावले मागे उभे राहून पाहिले तरी कळते.

याच भिंतीवरून दुसरा सापळाही ध्यानात येईल. दगड जिथे दिसतो तिथलाच असेल असे धरून चालू नका. रस्त्यावरची खडी, बंधाऱ्याचे धोंडे, किनाऱ्याच्या संरक्षणासाठी टाकलेले दगड हे सगळे दुसरीकडून आलेले असतात. जमिनीत मुळासकट रोवलेला कातळ असेल तरच ‘इथे हा खडक आहे’ असे वहीत लिहा.

२. दोन प्रश्न विचारा: कण केवढे? रंग किती गडद?

अग्निजन्य खडकांची नावे पाठ करत बसू नका. दोन प्रश्नांनी बरीच वाट सरते.

पहिला प्रश्न कणांचा. जमिनीखाली वितळलेला खडक म्हणजे शिलारस. तो खोल अडकून राहिला तर थंड व्हायला हजारो, लाखो वर्षे लागतात आणि स्फटिकांना वाढायला सवड मिळते. म्हणून ग्रॅनाइटचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तोच रस लाव्हा होऊन बाहेर पडला तर काही दिवसांत किंवा वर्षांत गोठतो आणि कण भिंगाखालीही मुश्किलीने दिसतात. अगदी झटकन गोठला तर स्फटिक तयारच होत नाहीत, काच होते. ती ऑब्सिडियन.

दुसरा प्रश्न रंगाचा, म्हणजे खरे तर सिलिकेचा. बेसाल्टमध्ये सिलिका ४५ ते ५२ टक्के, अँडेसाइटमध्ये ५२ ते ६३ टक्के, रायोलाइटमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त. सिलिका कमी तिथे लोह-मॅग्नेशियमची पायरॉक्सीन, ऑलिव्हीन अशी गडद खनिजे जास्त. सिलिका वाढली की फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, यांनी दगड फिका होतो.

आता जोड्या लावा. गडद रसाचा बारीक कणांचा खडक बेसाल्ट, तोच खोलवर गोठला तर गॅब्रो. मधल्या रसाचे अँडेसाइट आणि डायोराइट. फिक्या रसाचे रायोलाइट आणि ग्रॅनाइट. म्हणजे बेसाल्ट आणि गॅब्रो यांचा मसाला एकच, फक्त चुलीवरून उतरवण्याची वेळ वेगळी. गोव्यात बोंडला-उसगाव भागात गॅब्रो आणि त्याहूनही गडद पेरिडोटाइट आहे.

रंगाच्या नियमाला मोठा अपवाद ऑब्सिडियनचा. काळीकुट्ट असूनही तिच्यात सिलिका भरपूर असते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचा हा आवडता प्रश्न आहे.

आणि रंग पाहायचा तो ताज्या तुटलेल्या बाजूवर. आपल्या पावसात कुठलाही दगड वरून शेवाळाने काळा नाहीतर गंजाने तांबडा होतो. पहिल्या सहा महिन्यांतल्या माझ्या नोंदी मी यामुळेच पुन्हा केल्या. वरची काळी साल पाहून जिथे ‘बेसाल्ट’ लिहिले होते, त्यातले अर्धे दगड आतून भलतेच निघाले.

३. काट्यावर घनता मोजा

ही पायरी कुणी सांगत नाही. माझ्या दृष्टीने घरबसल्या करता येण्यासारखी याहून उपयोगी दुसरी नाही.

मुठीएवढा दगड कोरडा वजन करा. मग काट्यावर पाण्याने भरलेला वाडगा ठेवून काटा शून्यावर आणा. दगडाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा. बुडाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर दगडाचे आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा.

खडीच्या ढिगातला एक काळा दगड मी मोजला. कोरडा ४३७ ग्रॅम, पाण्यात १४९. भागाकार २.९३. बेसाल्टची घनता साधारण २.८ ते ३ असते. काणकोणातल्या एका बांधकामावर मिळालेला ग्रॅनाइटचा तुकडा ३१२ ग्रॅम, पाण्यात ११८, म्हणजे २.६४. हातात घेऊन दोघे सारखेच वाटत होते. एक लालसर काळा तुकडा चारच्या वर गेला. तो लोहखनिज होता, आणि टाइलवर त्याची रेघ लालभडक उठली.

चिरा असा मोजायला गेलात तर बुडबुडे येत राहतील आणि आकडा स्थिर होणार नाही. तेव्हा समजून जा, हा जांभा.

चुंबकही इथेच लावून पाहा. दोऱ्याला लोंबकळणारे चुंबक बेसाल्टजवळ नेले की ते किंचित ओढले जाते, कारण त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. ग्रॅनाइटजवळ बहुधा ढिम्म राहते. हात स्थिर हवा, पंखा बंद हवा.

४. पाळोळ्याला ओहोटीच्या वेळी जा

ग्रॅनाइट समजून घ्यायला काणकोणसारखी जागा नाही. पाळोळ्याच्या किनाऱ्याच्या टोकांना जे मोठमोठे गोल धोंडे आहेत, तो काणकोणचा ग्रॅनाइट. पर्यटक त्यांच्यावर बसून फोटो काढतात. तुम्ही त्यांच्यापुढे भिंग घेऊन बसा.

सकाळची सुकती साधा. पाणी उतरले की लाटांनी घासलेला, ओला, स्वच्छ पृष्ठभाग मिळतो, हातोड्याची गरज पडत नाही. फिकट करड्या-गुलाबी जमिनीत आयताकृती मोठे स्फटिक रोवल्यासारखे दिसतील, काही बोटाच्या पेराएवढे. ते फेल्डस्पार. मान थोडी हलवली की सपाट बाजूवरून उन्हाची तिरीप चमकून जाते. त्यांच्यामधले काचेसारखे, राखाडी, कुठल्याच दिशेला सपाट न तुटणारे कण गारगोटीचे. काळे, पापुद्र्यांचे, नखाने सुटणारे ते काळे अभ्रक. फेल्डस्पार आणि गारगोटीत गोंधळ झाला तर चमकणारी सपाट बाजू शोधा. ती गारगोटीला नसते.

मोठे स्फटिक आणि भोवती बारीक कण अशी दोन मापे एकाच दगडात का? रस आधी खोलवर सावकाश थंड होत होता, तेव्हा मोठे स्फटिक वाढले. उरलेला रस पुढे जरा लवकर गोठला. दगडाच्या एका चेहऱ्यावर थंड होण्याचे दोन टप्पे वाचता येतात. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा पाणी पायाला लागेपर्यंत भान राहिले नव्हते. म्हणून सांगते, भरती परतायच्या आधी घड्याळ पाहा, आणि शेवाळलेल्या दगडावर चप्पल घालून चढू नका.

हे धोंडे गोल का, हेही नवख्यांना चकवते. ते नदीतून घरंगळत आलेले नाहीत. थंड होताना आणि वरचा भार उतरताना ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा पडतात. भेगांतून पाणी शिरते, कोपरे आधी कुजतात, ठोकळ्याचा गोळा होतो. जागच्या जागी.

पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर वाटेत आहे. तिथला खडकही ग्रॅनाइटच्या कुळातला, पण दाबाखाली पट्टे पडलेला, म्हणजे ग्रॅनाइट-नाइस. पाळोळ्याच्या आधी तो पाहिलात तर गोंधळ होईल, नंतर पाहिलात तर फरक लगेच कळेल.

५. गोव्यातले दोन लाव्हा वेगळे करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. गोव्यात लाव्हापासून झालेले खडक दोन आहेत आणि त्यांच्या वयात दोनशे कोटींहून जास्त वर्षांचे अंतर आहे.

धाकटा लाव्हा म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्या सुमारास, तो थरावर थर साचला. आज उरलेला विस्तार ५ लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो, गोव्याला मात्र त्याची फक्त किनार लाभली आहे, ईशान्येला सत्तरीच्या टोकाला घाटमाथ्यावर. चोर्ल्याच्या बाजूने घाट चढताना डोंगराच्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी साधारण एकेका थराची. या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात तेही जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून. घाटात वळणावर गाडी थांबवून दगड पाहू नका. रुंद जागा बघून उतरा आणि पावसाळ्यात तर कड्याखाली उभेच राहू नका.

थोरला लाव्हा गोव्याच्या पोटात आहे. बार्से, सावर्डे, डिचोली, वाघेरी अशी आपल्या गावांची आणि डोंगराची नावे लावलेले जे प्राचीन खडकसमूह आहेत, त्यांत बार्से समूहात हा जुना बेसाल्ट सापडतो. तो पुरला गेला, दाबला गेला, तापला, आणि त्यातल्या काळ्या खनिजांची क्लोराइट आणि एपिडोट ही हिरवी खनिजे झाली. म्हणून ताज्या तुकड्यावर हिरवट झाक दिसते आणि पुष्कळदा दगड पापुद्र्यांनी सुटतो. भूशास्त्रात तो आता रूपांतरित खडक, म्हणजे मेटाबेसाल्ट. ‘अग्निजन्य’ लिहिलेत तर उत्तर चुकेल, ‘मुळात अग्निजन्य’ म्हटलेत तर बरोबर.

ओळखायची रीत अशी. ताजा तुकडा उन्हात धरा. काळाभोर, घट्ट, चुंबक ओढणारा आणि छिद्रांत पांढरे स्फटिक असलेला असेल तर धाकटा. हिरवट, किंचित रेशमी चमक, एका दिशेला चिरफळणारा असेल तर थोरला. एका खुणेवर निकाल देऊ नका, निदान तीन जुळू द्या.

यांच्यात तिसराच एक काळा खडक घुसून फसवतो. दोना पावलाच्या किनाऱ्यावरचे गडद कातळ बघून ‘बेसाल्ट’ म्हणायचा मोह होतो. ते ग्रेवॅक आहेत, म्हणजे मुळात समुद्रात साचलेला चिखलमिश्रित वाळूचा गाळ, पुढे दाबाखाली बदललेला. भिंगाखाली वाळूचे कण दिसतात. कण गोलसर किंवा तुटके-तुटके असतील तर गाळ, एकमेकांत गुंतलेले असतील तर रसातून वाढलेले. ही खूण मला फार उपयोगी पडली.

किनाऱ्यावर फिरताना फिक्या किंवा जुन्या खडकातून सरळ भिंतीसारखा काळा पट्टा जाताना दिसला तर थांबा. तो डाइक असू शकतो, भेगेत शिरून गोठलेला रस. कडेला कण अगदी बारीक आणि मध्ये जरा मोठे असतील तर खात्री धरा. कडेचा रस थंड खडकाला टेकून आधी गोठला, मधला ऊब धरून राहिला. गोव्यातल्या अशा काही डाइकचे वय सुमारे ६.३ कोटी वर्षे निघाले आहे, दख्खनच्या लाव्हाचा मुख्य पूर ओसरल्यानंतरचे.

६. ज्वालामुखीचे प्रकार: आकार नंतर, दाटपणा आधी

मुले आकृत्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्याऐवजी चुलीवर दोन भांडी ठेवा. एकात पातळ पेज, दुसऱ्यात पिठले. पेजेतला बुडबुडा मुकाट वर येऊन फुटतो. पिठले दाटले की बुडबुडा आत अडकतो, मोठा होतो आणि फुटताना हातावर चटका देणारा शिंतोडा उडवतो. सगळे प्रकार या दोन भांड्यांतून निघतात.

*पातळ रस.* सिलिका कमी, तापमान १००० ते १२०० अंश सेल्सिअस. वायू सहज निसटतो, लाव्हा दूरवर वाहतो, डोंगर पसरट होतो. हा ढालीसारखा ज्वालामुखी. हवाईचा मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे, तरी दुरून पालथ्या ताटासारखा दिसतो.

*दाट रस.* सिलिका जास्त, वायू कोंडलेला. स्फोटाची राख आणि लाव्हा यांचे थर आलटून पालटून बसतात आणि उंच, निमुळता संमिश्र ज्वालामुखी उभा राहतो. जपानचा ३,७७६ मीटर उंचीचा फुजी, १९९१ साली फुटलेला फिलिपिन्सचा पिनाटुबो ही त्याची उदाहरणे. स्फोटात पोट रिकामे होऊन माथाच खाली बसला तर विस्तीर्ण खळगा उरतो, तो कॅल्डेरा. इंडोनेशियातल्या तांबोराचा १८१५ साली असाच झाला. फेस होऊन गोठलेला दाट रस म्हणजे प्युमिस, पाण्यावर तरंगणारा दगड.

*अंगारांचा शंकू.* एकाच तोंडातून उडालेले लाव्हाचे तुकडे भोवती साचून झालेला लहान, तीव्र उताराचा ढीग. मेक्सिकोतला पारिकुतिन १९४३ साली मक्याच्या शेतात उगवला आणि १९५२ पर्यंत धुमसत राहिला.

*भेगीय उद्रेक.* आपल्याला सगळ्यात जवळचा हाच. डोंगर नाही, तोंड नाही, जमीनच लांबलचक भेगांनी उसवते आणि पातळ बेसाल्ट पुरासारखा पसरतो. आइसलंडमध्ये १७८३ साली लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहिला. विषारी वायूंनी गवत गेले, गुरे मेली, दुष्काळात माणसे मेली. दख्खनचे उद्रेक याच जातीचे, पण कितीतरी मोठे.

म्हणूनच गोव्यात किंवा सह्याद्रीत ज्वालामुखीचे तोंड शोधत फिरू नका. निमुळता डोंगर दिसला की ‘मेलेला ज्वालामुखी’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. असे डोंगर बहुधा झिजून उरलेले असतात, कडक खडक टिकला आणि भोवतालचा वाहून गेला. गोल खळगा म्हणजेही ज्वालामुखी नव्हे. बुलढाण्यातले लोणार सरोवर बेसाल्टमध्येच आहे, व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास, आणि ते उल्कापाताने झाले. भारतातला जागता ज्वालामुखी पाहायचा तर तो अंदमानातले बॅरन बेट. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून ते १९९१ साली पुन्हा जागे झाले.

७. आता खडकांचे चक्र, विहिरीच्या काठावर

आमच्या घरामागे विहीर खणली तेव्हा मी रोज संध्याकाळी निघालेला दगड पाहायची. वर कडक चिरा. त्याखाली चिरा मऊ होत गेला, मग पिवळट-पांढरी चिकणमाती, इतकी मऊ की फावड्याने निघे. त्या मातीत मधेच गोल दगड सापडू लागले, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे. पापुद्रे काढत गेले की आत हिरवट काळा, टणक गाभा. शेवटी पहार आदळून खणखणली, सलग हिरवट काळा कातळ लागला आणि कडेने पाणी झिरपले.

ती विहीर खालून वर वाचा. लाव्हा समुद्रतळाशी ओतला गेला: अग्निजन्य. पुरला, तापला, हिरवा झाला: रूपांतरित. वर आला, पावसाने कुजला: आधी चिकणमाती, मग जांभा. आता जुलैत झुआरी नदीचे पाणी पाहा. ते तांबडे होते कारण तोच जांभा माती होऊन समुद्राकडे निघालेला असतो. तळाशी साचेल, दबेल, गाळाचा खडक होईल.

पण बाण एकाच दिशेने फिरतात असे समजू नका, परीक्षेत आणि डोंगरातही तिथेच चूक होते. मोले-अनमोड पट्ट्यातला नाइस सुमारे ३४० ते ३६० कोटी वर्षांचा, भारतातल्या अतिप्राचीन खडकांपैकी. तो रसातून गोठला आणि गाळ न होताच रूपांतरित झाला. डिचोलीच्या बाजूचे लोहखनिज समुद्रात थरांनी साचले, मग दाबाखाली बदलले, आणि पुढे जांभा होण्याच्याच क्रियेत त्यातली सिलिका वाहून जाऊन लोखंडाचे प्रमाण वाढले. प्रत्येक खडक आपापल्या आडवाटेने जातो.

एवढे गोंधळायला होते म्हणून वाईट वाटून घेऊ नका. अठराव्या शतकात नावाजलेले विद्वान बेसाल्ट आणि ग्रॅनाइट समुद्राच्या पाण्यातून साचले असे मानत होते. स्कॉटलंडच्या जेम्स हटनने १७८५ साली ग्लेन टिल्टच्या नदीपात्रात ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या खडकात घुसलेल्या पाहिल्या. घुसलेला आहे म्हणजे तो कधीतरी वितळलेला होता. त्याचीही खात्री खडक पाहूनच पटली.

८. नोंद अशी ठेवा

दगडावर लहान चौकोन पांढऱ्या रंगाने रंगवून क्रमांक लिहा. नुसती चिठ्ठी सोबत ठेवली तर पहिल्याच पावसात शाई पसरते. वहीत त्याच क्रमांकापुढे जागा, तारीख, मुळातला कातळ की सुटा दगड, ताज्या बाजूचा रंग, कण, ओरखडा, रेघ, चुंबक, घनता. नाव शेवटच्या रकान्यात आणि पेन्सिलने.

माझ्या वहीत सतरा क्रमांकाच्या दगडापुढे तीन नावे खोडलेली आहेत. आधी बेसाल्ट, मग ग्रेवॅक, मग मेटाबेसाल्ट. घनता २.८७, चुंबक किंचित ओढते, चिरफळत नाही, रंग हिरवट काळा. मेच्या सुट्टीत पुन्हा तिथे जाऊन तो ज्या कातळातून घेतला त्याच्या दोन्ही कडा पाहायच्या आहेत. तो डाइक असेल तर कडेचे कण सांगतील.